पिसे, मणी आणि वैधता प्रमाणपत्र

आदिवासी माणसाच्या गौरवासाठी काढलेल्या छायाचित्रांना अलीकडे बरे दिवस आले आहेत. ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन असतो. १५ नोव्हेंबरला, बिरसा मुंडा यांच्या जयंतीस, २०२१ सालापासून जनजातीय गौरव दिवस पाळला जातो. या दोन दिवसांच्या आगेमागे कचेऱ्यांच्या दर्शनी भिंतींवर, कलादालनांत आणि रस्त्याच्या कडेच्या फलकांवर भव्य चेहरे झळकू लागतात. सुरकुत्यांचे जाळे, गोंदलेले कपाळ, गळ्यात मण्यांच्या माळांचा भार, डोक्यावर पिसे, आणि पाठीमागे रान किंवा नुसता काळोख. चित्रे सुंदर असतात हे आम्ही प्रथमच मान्य करतो. ती काढणाऱ्यांच्या मेहनतीविषयी वा सद्भावनेविषयी आम्हांस शंका नाही. आमची तक्रार निराळी आहे. ज्या माणसाचा हा गौरव चालला आहे तो आज ज्या शहरात राहतो, ज्या कचेरीत नोकरी करतो, ज्या बसथांब्यावर ताटकळतो, ते सारे या चित्रांतून काढून टाकलेले असते. आणि या काढून टाकण्याची किंमत पुढे त्याच माणसाला सरकारदरबारी मोजावी लागते.

आम्ही ज्या शहरातून हे लिहीत आहोत त्या बंगळुराचेच उदाहरण घेऊ. महाराष्ट्रातून पाहुणे आले की बदलीवर असलेला प्रत्येक मराठी गृहस्थ त्यांस एकदा तरी बन्नेरघट्टचे प्राणिसंग्रहालय दाखवून आणतो. त्याच परिसरात हक्की-पिक्की लोकांची वसाहत आहे. वाघ पाहून परतणाऱ्या पाहुण्यास तिचा पत्ताही नसतो. हक्की म्हणजे कानडीत पाखरू. पाखरे धरणारे ते हक्की-पिक्की. कर्नाटकाच्या अनुसूचित जमातींच्या यादीत त्यांचे नाव आहे. घरात ते वागरी बोलतात, जी गुजरातीच्या जवळची आहे. बाहेर कानडी, तमिळ, हिंदी, प्रसंग पडेल ती भाषा. गुजराथिया, मेवाडा, पंवार, काळीवाला ही त्यांच्या कुळांची नावे ऐकली की यांचे पूर्वज कोणत्या वाटेने दक्षिणेत उतरले असतील याचा तर्क आपल्यासारख्या बदलीवाल्यांस सहज करता येतो. व्यवसायाने ते आपल्याकडील पारध्यांचे भाऊबंद.

१९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांचा पिढीजात धंदा गुन्हा ठरला. तेव्हा हे लोक प्लॅस्टिकची फुले, मण्यांचे दागिने, केसांना लावायची तेले आणि अंग चोळायची औषधे विकू लागले, आणि विकता विकता थेट आफ्रिकेत पोहोचले. एप्रिल २०२३ मध्ये सुदानात यादवी पेटली, त्या वेळी तेथे अडकलेल्या भारतीयांत कर्नाटकातील हक्की-पिक्की होते. ‘ऑपरेशन कावेरी’ या मोहिमेतून भारतीयांस परत आणले गेले तेव्हा कुठे पुष्कळ बंगळूरकरांस कळले की आपल्या शेजारी असे काही लोक राहतात. आपल्यापैकी किती पदवीधरांनी खार्टूम पाहिले आहे? वृत्तपत्रांस मात्र त्यांच्या नावांची मौज वाटते. या जमातीत हायकोर्ट, कॉफी, गूगल अशी नावे मुलांस ठेवलेली आढळतात. आम्हांस त्यात हसण्याजोगे काही दिसत नाही. ज्याचा दरारा वाटला किंवा ज्याची गोडी लागली त्याचे नाव लेकराला द्यावे ही रीत आपणही पाळतो. आपण ते नटनट्यांकडून उसने घेतो, इतकाच फरक.

आता अशा माणसाचे छायाचित्र काढायचे झाले तर त्याच्या हातात काय असावे? पारपत्र असावे, तेलाची बाटली असावी, मोबाईल असावा. पण गौरवाच्या चित्रात त्याच्या हाती गलोल किंवा मोरपिसांचा पंखा दिला जातो आणि त्याला एखाद्या झाडाखाली उभे केले जाते. ज्या पाखरांना हात लावला तर त्याला अटक होईल, त्यांच्याच पिसांनी त्याचा सन्मान! चित्राखाली नाव शोधावे तर ‘हक्की-पिक्की वृद्ध’. आपल्या छायाचित्राखाली कोणी ‘मराठी कारकून, मध्यम वय’ असे छापले तर आपण संपादकास किती पत्रे लिहू?

ही खोड आजची नाही. कॅमेरा या देशात आला आणि थोड्याच वर्षांत साहेबाने त्याला खानेसुमारीच्या कामास जुंपले. विल्यम जॉन्सन नावाचे गृहस्थ मुंबई सरकारच्या मुलकी नोकरीत होते. म्हणजे आपल्याच जातकुळीचे. त्यांनी मुंबईत राहणाऱ्या व मुंबईस येणाऱ्या जातिजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली प्रसिद्ध केले. त्यांची युक्ती अशी की माणसांची चित्रे एकीकडे घ्यावयाची, देखावे दुसरीकडे टिपावयाचे, आणि मग माणसे कातरून त्या देखाव्यांवर बसवावयाची. पुढे १८६८ ते १८७५ या काळात वॉटसन आणि के या जोडीने हिंदुस्थानातील लोकांच्या छायाचित्रांचे आठ खंड काढले. त्यांत चारशे अडुसष्ट चित्रे आहेत आणि प्रत्येक चित्रासोबत ती जमात राजनिष्ठ की भांडखोर, कष्टाळू की आळशी, याविषयी शेरे आहेत. सेवापुस्तकातील गोपनीय अहवाल लिहिणाऱ्या आपल्या वरिष्ठांस हे खंड फार आवडतील. अंदमानात पोर्टमन या अधिकाऱ्याने माणसांस दोन दोन इंचांच्या चौकड्या आखलेल्या पडद्यापुढे उभे करून टिपले, म्हणजे चित्रावरूनच हातपाय मोजता यावेत. मद्रासच्या संग्रहालयाचे अधीक्षक एडगर थर्स्टन यांनी १९०९ साली दक्षिणेतील जातिजमातींचे सात खंड छापले. माणसांची डोकी व नाके मोजण्याचा त्यांस भारी उत्साह. म्हैसूर संस्थानात हेच काम नंजुंडय्या आणि अनंतकृष्ण अय्यर यांच्या नावाने झाले आणि त्याचे चार खंड १९२८ ते १९३५ या वर्षांत निघाले. या सर्व ग्रंथांत माहिती विपुल आहे, आणि आम्ही ते निरुपयोगी म्हणणार नाही. पण त्यांत माणूस हा जमातीचा नमुना असतो, आणि नमुन्याला नाव लागत नाही.

पारध्यांच्या वाट्याला तर याहून वाईट छायाचित्र आले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, आणि १९११ साली तो मुंबई-मद्रास इलाख्यांपर्यंत वाढवल्यावर, जन्मतःच गुन्हेगार ठरलेल्या माणसांची नोंद पोलिसांच्या दप्तरी ठेवली जाऊ लागली. सोलापूर, हुबळी येथे तारेच्या कुंपणामागे वसाहती झाल्या. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. ठाण्यातील दप्तरे किती ठिकाणी खरोखर मिटली हे पारध्यांना विचारावे. तेव्हा आज एखादा छायाचित्रकार प्रेमाने कॅमेरा रोखतो आणि समोरची म्हातारी तोंड फिरवते, तेव्हा त्यात ‘रानातला भाबडा लाजरेपणा’ पाहण्याची घाई त्याने करू नये. तिला मागच्या छायाचित्राची आठवण असू शकते.

अमेरिकेतील एडवर्ड कर्टिस याचे उदाहरण जगभर सांगितले जाते, तेही येथे सांगणे अवश्य आहे. त्याने १९०७ ते १९३० पर्यंत उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचे वीस खंड काढले. त्याच्या १९१० सालच्या एका प्रसिद्ध चित्रात पीगन जमातीचे दोन पुरुष आपल्या राहुटीत बसले आहेत. मूळ काचेवर त्या दोघांच्या मधोमध एक घड्याळ आहे. छापील चित्रात ते नाही. खरवडून नाहीसे केले आहे. घड्याळ त्यांच्या घरातले, त्यांनीच ठेवलेले. पण ते राहिले असते तर ती माणसे विसाव्या शतकातील दिसली असती, आणि गिऱ्हाइकाला तर लोपत चाललेली प्राचीन जात हवी होती. आमच्या मते हे एक घड्याळ सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे. आजचा छायाचित्रकार घड्याळ खरवडत नाही, तो नम्रपणे म्हणतो, “दादा, जरा ते मनगटावरचे काढून ठेवता का?”

बंगळुराच्याच एका चित्रकर्तीने ही सारी लबाडी फार पूर्वी ओळखली, हे येथील रहिवासी या नात्याने आम्ही अभिमानाने नमूद करतो. पुष्पमाला एन. यांनी क्लेअर आर्नी या छायाचित्रकार बाईंच्या साहाय्याने २००० ते २००४ या काळात दक्षिण भारतातील ‘नेटिव्ह’ स्त्रियांच्या नावाने एक चित्रमालिका केली. त्यात प्रत्येक चित्रात पुष्पमाला स्वतःच निरनिराळ्या वेषांत उभ्या आहेत. कधी देवी, कधी सिनेमातील नायिका, कधी पोलिसांनी पकडलेली संशयित. आणि एका ठिकाणी चौकड्यांच्या पडद्यापुढे मोजमापास उभी केलेली तोडा स्त्री. शहरातील सुशिक्षित बाई त्या पडद्यापुढे उभी राहिली की पाहणारा प्रथम हसतो, आणि मग पडदा कशासाठी होता ते त्याच्या ध्यानात येते. आम्हांस ती मालिका दहा गौरव-प्रदर्शनांहून मोलाची वाटते. तथापि त्यातही खरी तोडा स्त्री कोठे आहे, ती आज उटकमंडच्या बाजारात काय विकत घेते, हे कळत नाहीच; तो त्या मालिकेचा विषय नव्हता.

आता किंमत मोजावी लागते असे जे आम्ही म्हटले, त्याकडे वळू. आस्थापना शाखेत काम केलेल्या वाचकांस हा भाग तोंडपाठ असेल.

अनुसूचित जमात कोणास म्हणावे याच्या कसोट्या १९६५ साली लोकूर समितीने सांगितल्या: आदिम लक्षणे, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगपणा, बाह्य समाजाशी संपर्क साधण्याचा संकोच, आणि मागासलेपणा. या कसोट्या जमातीचे नाव यादीत घालण्यासाठी आहेत, व्यक्तीस तपासण्यासाठी नव्हेत. परंतु सरकारी यंत्रणेत एकदा शिरलेला शब्द आपल्या खोलीत राहत नाही. १९९४ साली माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दाखल्यांच्या पडताळणीची पद्धत घालून दिली. दक्षता पथकाने अर्जदाराची दैवते, विवाहविधी, मर्तिकाचे संस्कार, चालीरीती पाहाव्यात असे त्यात आले. त्यातूनच महाराष्ट्रात ‘आप्तभावाची चाचणी’ रूढ झाली. म्हणजे पुण्यात किंवा ठाण्यात जन्मलेला, दोन पिढ्या गिरणीत व रेल्वेत राबलेल्या घरातला ठाकूर वा महादेव कोळी तरुण नोकरीस लागतो, आणि मग त्याला विचारले जाते की तुमच्या जमातीत लग्नात कोणते गाणे म्हणतात. त्याचे लग्न मंगल कार्यालयात झालेले असते आणि तेथे ध्वनिक्षेपकावर सिनेमाची गाणी वाजलेली असतात, जशी आपल्या लग्नांत वाजली. तो अडखळतो. कागदावर शेरा उमटतो.

खोट्या दाखल्यांचे दुखणे खरे आहे, हे येथे सांगितले नाही तर आमचे म्हणणे अप्रामाणिक ठरेल. आदिवासींच्या जागा भलत्यांनी लाटल्या, हजारो खऱ्या उमेदवारांचा घास गेला, आणि कडक पडताळणीची मागणी आदिवासी संघटनांनीच लावून धरली. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खोट्या दाखल्यावर मिळवलेली नोकरी राखता येणार नाही असा निर्णय दिला, तो योग्यच होता. पण चोर पकडण्यासाठी लावलेली चाळणी अशी असावी की घरधनी तीत अडकू नये. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील ठाकूर जमातीच्या एका संघटनेच्या प्रकरणात त्रिसदस्य खंडपीठाने स्पष्ट केले की आप्तभावाची चाचणी ही निर्णायक कसोटी नव्हे. स्थलांतराने आणि आधुनिक राहणीने जुन्या खुणा पुसल्या जाऊ शकतात, हे तत्त्व त्याआधीही न्यायालयाने सांगितले होते. जुन्या कागदपत्रांचे वजन अधिक. न्यायालयाने जे ओळखले ते कलादालनांनी अद्याप ओळखलेले नाही.

कारण पडताळणी करणारा अधिकारी हाही माणूसच. त्याच्या मनातील आदिवासी कोठून येतो? मानववंशशास्त्राच्या ग्रंथांतून थोडा, पाठ्यपुस्तकातील चित्रांतून पुष्कळ, आणि जिन्यातल्या त्या गौरवाच्या फलकातून रोज. सकाळी तो पिसे ल्यालेल्या चेहऱ्याखालून आपल्या दालनात शिरतो, आणि अकरा वाजता त्याच्यासमोर चष्मा लावलेला, इस्त्रीचा सदरा घातलेला, शुद्ध मराठी बोलणारा अर्जदार येऊन बसतो. “तुम्ही आदिवासी वाटत नाही,” हे वाक्य अशा वेळी जिभेवर येते. ते वाक्य आपल्यापैकी कित्येकांनी शेजारच्या मेजावरील सहकाऱ्यास कौतुकाने म्हणूनही ऐकवले असेल.

आणि बदलीचे दुःख तर आपल्याला वेगळे सांगावयास नको. केंद्राच्या नोकरीत साडेसात टक्के जागा अनुसूचित जमातींसाठी आहेत. म्हणजे आपल्याबरोबर नागपूर-नाशिकहून येथे बदलून आलेल्यांत गोंड, कोकणा, महादेव कोळी, पारधी असणारच. त्यांची जमात त्यांच्या राज्याच्या यादीतील; राज्य बदलले की राज्याच्या सवलती संपल्या. १९९० साली घटनापीठापुढे असेच प्रकरण आले होते: वडील सार्वजनिक उपक्रमाच्या नोकरीनिमित्त आंध्रातून मुंबईस आले, मुलगा तेथेच वाढला, आणि वैद्यकीय महाविद्यालयाची राखीव जागा त्यास नाकारली गेली. कायद्याची कारणे असतील, त्यांत आम्ही येथे शिरत नाही. पण कायद्याने माणूस त्याच्या प्रांताला बांधलेला आणि छायाचित्राने रानाला. मग शहरात जो राहतो तो कोण?

येथे वाचकांनी क्षणभर स्वतःकडे पाहावे. गणेशोत्सवात आपण फेटा बांधतो, स्त्रिया नऊवारी नेसून नथ घालतात, लेझीम खेळतो, आणि स्थानिक वृत्तपत्रात आपले छायाचित्र येते. आपल्याला आनंद होतो, व्हावाच. परंतु दुसऱ्या दिवशी फेटा कपाटात जातो आणि आपण विजार घालून कचेरीची बस पकडतो. मुलाच्या शाळाप्रवेशाच्या वेळी कोणी आपल्याला म्हणत नाही की फेटा बांधून दाखवा, लेझीम खेळून दाखवा, नाहीतर मराठीपण सिद्ध झाले नाही. फेटा बांधावा आणि सोडावा, हे दोन्ही आपल्या हाती आहे. आदिवासीला बांधण्याचे आमंत्रण मिळते, सोडण्याची मुभा मिळत नाही.

यावर एक उत्तर आम्हांस नेहमी ऐकवले जाते: अहो, ते स्वतःच हौसेने पिसे घालतात! खरे आहे. हुणसूरकडील हक्की-पिक्कींनी ‘आदिवासी तेला’च्या ज्या चित्रफिती मोबाईलवर सर्वत्र पोहोचवल्या, त्यांत गुडघ्यापर्यंत केस सोडलेल्या बायका आहेत, कढया आहेत, जडीबुटी आहे, सगळा रानाचा थाट आहे. तेलाने केस वाढतात की नाही याविषयी आम्ही काही बोलत नाही. आमच्या डोक्याकडे पाहता आम्हांस बोलण्याचा अधिकारही नाही. पण त्या चित्रफितीत कॅमेरा त्यांचा, थाट त्यांनी ठरवलेला, भाव त्यांनी सांगितलेला आणि पैसा त्यांच्या घरी जाणारा आहे. शहरी गिऱ्हाइकाला कोणता आदिवासी हवा हे त्यांनी आपल्याकडूनच शिकून घेतले आणि तोच आपल्याला विकला. त्या व्यवहारात भाबडा कोण असेल तर तो गिऱ्हाईक.

दुसरे उत्तर असे की संस्कृती लोपत आहे, निदान चित्रात तरी ती जतन होऊ द्या. जतन अवश्य करा. गोंदणाची रीत, दागिन्यांची घडण, घराच्या भिंती, सगळे टिपा. पण तारीख, गाव, नाव लिहून टिपा, आणि चौकटीत प्लॅस्टिकची बादली आली तर येऊ द्या. मुंबईत आरे वसाहतीतील पाड्यांत वारली कुटुंबे शहर तेथवर पोहोचण्यापूर्वीपासून राहत आहेत. त्यांची पांढरी चित्रे हॉटेलांच्या भिंतींवर, चहाच्या कपांवर दिसतात. पण ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी तेथील झाडे रातोरात पडली तेव्हा, येथे आदिवासी राहतात हेच पुष्कळ मुंबईकरांस नवीन होते. चित्र ओळखीचे आणि चित्रकार अनोळखी, अशी ही स्थिती. पाड्यावरून रोज कामाला जाणाऱ्या माणसाचे छायाचित्र कोणी भिंतीवर लावले असते तर कदाचित इतके आश्चर्य वाटले नसते.

असे करता येते, कोणी केले आहे. कॅनडात नाद्या क्वान्डिबेन्स या अनिशिनाबे जमातीच्या छायाचित्रकार बाईंनी २००८ पासून ‘काँक्रीट इंडियन्स’ या नावाची मालिका चालवली. त्या शहरांत राहणाऱ्या मूळ रहिवाशांस जाहीर बोलावतात: या, आणि शहरात तुम्ही स्वतःला कसे पाहता ते सांगा. कोणी जमातीचा पोशाख घालून भर चौकात उभा राहतो, कोणी रोजच्या कपड्यांत. पिसे त्यांतही असतात. पण मागे रस्ता असतो, आणि ती घालण्याचा निर्णय ज्याचा त्याने घेतलेला असतो. २०२३ साली टोरांटो शहराने त्यांस आपल्या छायाचित्रकाराचा अधिकृत मान दिला. आपल्याकडे त्यासाठी मोठी पूर्वपीठिका आहे. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाचे कर्णधार असलेले, ऑक्सफर्डचे पदवीधर, घटना समितीत आदिवासींची बाजू मांडणारे जयपालसिंह मुंडा यांची कोट-टाय घातलेली छायाचित्रे उपलब्ध आहेत. त्या सभेत स्वतःला जंगली म्हणवून घेण्यात त्यांना अभिमान वाटला, आणि तो कोट काढून ठेवावा असे त्यांना वाटले नाही. गौरव दिवसाच्या फलकांवर आम्ही आजवर त्यांस पाहिलेले नाही.

तेव्हा आमची या मासिकाच्या संपादकांस आणि येथील मराठी मंडळींस एक विनंती आहे. येत्या १५ नोव्हेंबरच्या सुमारास बंगळुरात राहणाऱ्या मराठी आदिवासी नोकरदारांची, त्यांच्या कुटुंबांची छायाचित्रे छापावीत. लेखा कार्यालयातील असोत, रेल्वेतील असोत, संरक्षण कारखान्यातील असोत. कपडे कोणते, जागा कोणती, घरी की कचेरीत की लालबागेत, हे त्यांनी ठरवावे. कोणास आजीचे दागिने घालून बसावयाचे असेल तर तसे, कोणास क्रिकेटची बॅट घेऊन उभे राहावयाचे असेल तर तसे. चित्राखाली पूर्ण नाव, हुद्दा आणि मूळ गाव द्यावे. जमात लिहावी की न लिहावी हे त्यांस विचारावे, आणि ‘नको’ म्हणाले तर कारण विचारू नये. ज्यास चित्रच नको असेल त्यास पुन्हा गळ घालू नये. चांगला कॅमेरा मंडळातील कोणा ना कोणाकडे असतोच. छपाईच्या खर्चासाठी आम्ही आमची वर्गणी संपादकांकडे आजच पाठवीत आहोत. एवढे मात्र पाहावे की प्रत्येक चित्राची पहिली प्रत, चौकटीत बसवून, ज्याचे चित्र आहे त्याच्या घरी पोहोचती व्हावी, आणि त्याने ती पाहून होकार दिल्यावरच मजकूर छापखान्यात जावा.